संचालकसाहेब जेवत नाहीत

पाल आणण्याची कल्पना माझी होती, हे मी आधीच सांगून टाकतो. नाहीतर आल्मुट सांगेलच. आल्मुट म्हणजे माझी बायको. ही हकिकत तिची बेकरीत, टपाल कचेरीत आणि चर्चच्या गायनमंडळात सांगून झाली आहे आणि प्रत्येक ठिकाणी "फोल्कमारची कल्पना" हे शब्द तिने अशा सुरात उच्चारले आहेत की ऐकणाऱ्याने तिचा हात हातात घेऊन सांत्वन करावं.

पण मी तरी काय करणार होतो? सासूबाई शरदात जिन्यावरून पडल्या, खुबा मोडला, एकटीने राहणं बंद झालं. त्यांचा म्हातारा कुत्रा पुतणीकडे गेला, कारण आमच्या इमारतीत कुत्र्या-मांजरांना मनाई आहे, आणि सासूबाई आमच्या मागच्या खोलीत आल्या. इर्मट्राउट सासूबाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. पंचवीस वर्षं त्यांनी माझी टाय, माझा पगार, माझी गाडी मागे घेण्याची पद्धत, सगळं नापास केलं होतं. आता त्या खोलीच्या कोपऱ्यात शाल गुंडाळून बसायच्या, ताट पुढे केलं की दोन घास खाऊन बाजूला सारायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. टायबद्दलसुद्धा नाही. मी मुद्दाम तपकिरी सुटावर हिरवी टाय लावून त्यांच्यासमोरून दोनदा गेलो. त्यांनी नुसती मान हलवली. तेव्हा मी घाबरलो.

मग एक दिवस त्यांनी परस्पर गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात नाव घातल्याचं कळलं. खोली रिकामी होती. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

कचेरीत ही बातमी कळल्यावर लोकांनी माझं अभिनंदन केलं. "सुटलास!" म्हणाले. पण खरं सांगतो, मला सुटायचं नव्हतं. आमच्या घरात माझ्याशी भांडायला दुसरं कोणी नाही. आल्मुट भांडत नाही, ती उसासा टाकते आणि कपाटं पुसायला घेते. आयुष्यभर मी चुकीचा आहे असं तोंडावर सांगणारं एक माणूस होतं आणि तेच आता माझ्या डोळ्यांदेखत मिटत चाललं होतं. मला सासूबाई घरात हव्या होत्या.

इमारतीच्या नियमांत काचेच्या बंद पेटीतले लहान प्राणी चालतात. म्हणून मी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाजारात गेलो आणि एक पिवळी, काळ्या ठिपक्यांची, जाड शेपटीची पाल घेऊन आलो. सोबत काचेची पेटी, पेटीवर लावायचा गरम दिवा, आणि खाण्यासाठी जिवंत रातकिड्यांचा डबा. विकणाऱ्याने एवढंच सांगितलं, "उबेत ठेवा, बाकी हिला काही लागत नाही."

सासूबाईंनी पेटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"माझा कुत्रा गेला," त्या म्हणाल्या, "आणि तू पाल आणलीस."

"आई, ही साधी पाल नाही. बिबट्या पाल म्हणतात हिला."

"बिबट्याचं काय आहे हिच्यात?"

"ठिपके."

"ठिपके माझ्या हातांवरही आहेत. मला कोणी बिबट्या म्हणत नाही."

कित्येक आठवड्यांत त्या सलग एवढं बोलल्या नव्हत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन आल्मुटला आनंदाने मिठी मारली. ती उसासा टाकून कपाट पुसू लागली.

दोन-तीन दिवसांत पालीचं बारसंही झालं. अर्धवट मिटलेल्या पापण्या, ओठांवर कायमचं हसू आणि समोरच्याचं म्हणणं ऐकून न ऐकल्यासारखं करण्याची हातोटी पाहून सासूबाईंनी तिचं नाव 'संचालकसाहेब' ठेवलं. त्यांचे दिवंगत यजमान सहकारी दूध संघात नोकरीला होते, तेव्हा संचालक कसे असतात हे त्यांना जवळून माहीत होतं. बाजारवाल्याने पाल नर असल्याचंही सांगितलं होतं, त्यामुळे प्रश्नच मिटला. संचालकसाहेब सकाळी दिव्याखाली यायचे, एक रातकिडा खायचे, जीभ काढून स्वतःचा डोळा पुसायचे आणि सासूबाई त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या. शुक्रवारी आश्रमाचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी सांगते. सध्या मी कामात आहे."

आणि शनिवारी संचालकसाहेबांनी रातकिडा नाकारला.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. समोर खरीखुरी पाल गप्प बसलेली असताना मनातली चुकचुकते आहे, हा प्रकार मला मुळीच आवडला नाही. पण मी स्वतःला समजावलं. मोठी माणसं कधीकधी जेवत नाहीत. रविवारीही ते जेवले नाहीत. सोमवारी ते पेटीच्या मागच्या कोपऱ्यात खापराखाली जाऊन बसले आणि हाक मारली तरी पापणी उघडेनात. शेपटी बारीक दिसू लागली. ह्या प्राण्याची सगळी शिल्लक शेपटीत असते, असं मी वाचलं होतं. सासूबाईंनी त्या दिवशी वर्तमानपत्र उघडलं नाही.

इथे माझ्या नोकरीविषयी सांगणं भाग आहे. मी आमच्या कासेल शहराच्या ऊर्जा-सल्ला कक्षात आहे. भाडेकरूंनी खोलीत हवा कशी खेळवावी, ह्या विषयावर मी व्याख्यानं देतो आणि पत्रकं वाटतो. ऐकणाऱ्याला हा विषय किरकोळ वाटेल, पण अर्ध्या शहराच्या भिंतींवरची बुरशी ह्याच अज्ञानातून येते. खिडकी तिरकी किलकिली करून दिवसभर सोडून देणारा माणूस आमच्या कक्षाच्या दृष्टीने गुन्हेगार. खिडकी सताड उघडायची, समोरासमोरची दारंही उघडायची, सगळी ऊब देणारी उपकरणं आधी बंद करायची, आणि जुनी हवा पार जाईपर्यंत उभं राहायचं. सकाळ-संध्याकाळ, बारा महिने, बाहेर बर्फ असला तरी. मग खिडकी लावायची, भिंतींना सावरू द्यायचं, आणि त्यानंतरच उपकरणं सुरू करायची. आल्मुटला तर हे बाळकडू सासूबाईंनीच पाजलेलं. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा जेवण झाल्यावर न सांगता उठून मी खिडकी उघडली होती, आणि बाकी सगळ्यात नापास झालेला मी तेवढ्यावर जावई झालो.

तेव्हा संचालकसाहेबांच्या खोलीत शुद्ध हवेची आबाळ होत होती, असं कोणी म्हणू शकणार नाही. उलट, घरात आजारपण म्हटल्यावर आम्ही दुपारचीही एक वेळ वाढवली. पेटीही मी मुद्दाम खिडकीला लावून ठेवली होती. तपमान मी स्वतः मोजलं होतं. शुक्रवारी रात्री, दिवा दिवसभर तापल्यावर. अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे होतं, त्यामुळे तो विषय माझ्यापुरता संपला होता.

पहिल्यांदा आल्या खालच्या मजल्यावरच्या लोबेकबाई. त्यांचा नवरा औषधविक्रेता होता आणि त्याच्या मागे त्या सगळ्या इमारतीच्या वैद्य झाल्या आहेत. त्यांच्या मते जगात दोनच औषधं आहेत. एक कॅमोमाइलच्या फुलांचा काढा आणि दुसरं मोकळी हवा.

"अगंबाई, किती मलूल झालाय!" लोबेकबाई पेटीवर वाकून म्हणाल्या. "काढ्याने पुसून घेतलं का?"

"पालीला?" मी विचारलं.

"मग काय मला? आणि आमचे डॉक्टर असते तर पहिली गोष्ट म्हणाले असते, रोग्याची खोली मोकळी करा." त्यांच्या घरात नवऱ्याला डॉक्टर म्हणायची पद्धत होती. "बाई, तुम्ही शाल नीट घ्या हं, मी जरा हवा येऊ देते."

हे सासूबाईंना उद्देशून. त्यांनी शाल घेतली. लोबेकबाईंनी आधी हीटर बंद केला, मग पेटीवरचा दिवा बंद केला आणि मग खिडकी उघडली. हा क्रम मी कौतुकाने पाहिला. माझ्या व्याख्यानाला त्या पहिल्या रांगेत होत्या. दुर्दैवाने पडदा सारताना त्यांच्या कोपराने खिडकीतला रातकिड्यांचा डबा पडला आणि एवढा वेळ मरगळलेल्या त्या घरात अचानक सगळीकडे हालचाल सुरू झाली. आम्ही गुडघ्यांवर बसून जमेल तेवढे गोळा केले. बाकीचे उघड्या दारातून जिन्यात गेले आणि तळघरात, बॉयलरच्या उबेला स्थायिक झाले.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे टिमरमानसाहेब दारात. हे निवृत्त न्यायालयीन कारकून, आणि इमारतीत कोणी कोणत्या वेळी कुठला आवाज करायचा ह्याची जबाबदारी कोणीही न देता त्यांनी उचललेली आहे.

"तुमचे पाहुणे," टिमरमानसाहेब म्हणाले, "दुपारच्या शांततेच्या वेळेत गातात."

"टिमरमानसाहेब, रातकिडे आहेत ते. मी त्यांना काय सांगू?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे. पाय किती ह्यावर तो ठरत नाही." पण मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "ऐकलं ते खरं का? तो जेवत नाही म्हणे?"

मी त्यांना आत नेलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ संचालकसाहेबांचं निरीक्षण केलं.

"माझ्या माशांचं अगदी असंच झालं होतं," ते म्हणाले. "तळाशी बसले, खाईनात. पाण्यात प्राणवायू कमी पडला होता."

"पण हा पाण्यात नाही हो."

"म्हणूनच तर! ह्याला हवेतूनच घ्यावा लागणार." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनीही हीटर, दिवा, खिडकी ह्याच क्रमाने काम सुरू केलं. जाताना मात्र दिवा लावायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. ज्याने बंद केला त्याने लावायचा असा सरळ नियम असल्याने मीही त्यात हात घातला नाही. संध्याकाळी कधीतरी आल्मुटने लावला.

बुधवारी मी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. शहरात एकच बाई आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी त्यांच्या मदतनीस बाई लागतात.

"तक्रार काय?"

"ते जेवत नाहीत. शनिवारपासून. आणि हलत नाहीत."

"कोण?"

"संचालकसाहेब."

"आमच्याकडे फक्त प्राणी तपासतात," बाई म्हणाल्या.

मी खुलासा केला. शुक्रवारची वेळ मिळाली. "येताना शीचा ताजा नमुना आणा," त्यांनी सांगितलं.

"अहो, पण पोटात काही गेलेलंच नाही. मग बाहेर काय येणार?"

"ते आम्हाला नमुना बघितल्यावरच सांगता येईल."

"आणि नमुना नसेल तर?"

"मग नमुना का नाही हे कळण्यासाठी तपासावं लागेल. पण त्यासाठी आधी नमुना लागतो."

मी स्वतः सरकारी माणूस आहे. एरवी अशा उत्तराला मी मनातून दाद दिली असती. त्या दिवशी मात्र फोन ठेवून मी मागच्या खोलीच्या दारात नुसता उभा राहिलो. कोपऱ्यात खापराखाली संचालकसाहेब, दुसऱ्या कोपऱ्यात शालीखाली सासूबाई. दोघांचेही डोळे मिटलेले. टेबलावर बटाट्याचं सूप गार होऊन त्यावर साय धरली होती.

"आई, सूप घ्या ना."

"नको रे. भूक नाही." डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "फोल्कमार, हा जाणार."

"काहीतरीच काय! शुक्रवारी डॉक्टरकडे नेतोय ना."

"हा गेला तर मीही जाते. आश्रमाला हो सांगून टाकते. कुत्रा माझ्यापायी बेघर झाला, आता हा. तुमच्या घरात माझ्यापायी आणखी एक जीव जायला नको."

मला काहीतरी ठणकावून सांगायचं होतं. त्याऐवजी मी खोलीत हवा खेळवून बाहेर आलो.

शुक्रवारी सासूबाई कोट घालून दारात तयार. शरदानंतर त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. आल्मुट म्हणाली, "आई, बाहेर बर्फ आहे, तू कशाला?" तर म्हणाल्या, "जन्माला घातलं नाही म्हणून काय झालं, मरताना तरी जवळ कोणी नको?" संचालकसाहेबांना मी लहान डब्यात घेतलं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं अशी ख्याती असलेला प्राणी, पण माझ्या तळहातावर तो चिंधीसारखा पडून राहिला. डब्याखाली गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली. सासूबाईंनी डबा, पिशवी, सगळं आपल्या जाड कोटाच्या आत घेतलं आणि वर बटणं लावली.

ट्राममध्ये गर्दी होती. सासूबाई खिडकीशी, मी उभा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, कारण काही वाईट झालं तर ते आधी तिथे दिसणार होतं. तीन थांबे काहीच झालं नाही. मग त्यांनी एक बटण काढून आत डोकावलं.

"फोल्कमार. हलतोय."

"कसा हलतोय? म्हणजे झटके देतोय का?" मी त्यांच्यावर वाकलो. "आई, खरं सांगा!"

"ओरडू नको. पाय हलवतोय. डोळे उघडलेत." सासूबाईंच्या गालांवर रंग आला होता. "माझ्याकडे बघतोय. अरे, आणि हे काय..." त्यांनी नाक मुरडलं. "वास येतोय."

"नमुना!" मी ओरडलो. "आई, नमुना! हलवू नका, ताजा आहे!"

अख्खी ट्राम आमच्याकडे बघायला लागली. एक गृहस्थ वर्तमानपत्र घेऊन उठले आणि दुसऱ्या डब्यात गेले. शहराच्या ऊर्जा-सल्ला कक्षातल्या माणसाने एका वृद्ध बाईच्या कोटात तोंड घालून असं ओरडू नये, हे मला मान्य आहे. पण गेल्या आठवड्यातली ती पहिली चांगली बातमी होती.

डॉक्टर क्रेचमारबाईंनी डबा उघडला. संचालकसाहेब उडी मारून बाहेर आले, टेबलावरून धावले, डॉक्टरबाईंच्या बाहीत शिरले आणि कोपरापाशी बाहेर डोकावून त्यांनी आम्हा तिघांकडे तोच संचालकी कटाक्ष टाकला.

"हा आजारी?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

गॅरेजमध्ये गेल्यावर गाडीची खडखड थांबते तेव्हा मालकाचं जे होतं ते माझं झालं. "अहो, घरी हलत नाही! देवाशप्पथ! आई, सांगा ना तुम्ही."

त्यांनी त्याचं तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं, शेपटी पाहिली, त्याला परत डब्यात ठेवलं आणि आत जाऊन नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. "जंत नाहीत, तोंड स्वच्छ आहे. वजन जरा उतरलंय. मला सांगा, ह्याचा दिवस कसा जातो? सकाळपासून."

प्रश्न माझ्या हातखंडा विषयाचा होता. मी जरा ताठ बसलो. "सकाळी उठल्यावर अर्थातच सगळ्यात आधी हवा खेळवतो. खिडकी सताड. पेटी खिडकीतच आहे, तेव्हा त्याला थेट मिळते."

"आणि पेटीवरचा दिवा?"

"बंद! अर्थात बंद. खिडकी उघडी ठेवून बाहेरच्या फेब्रुवारीला तापवत बसायचं का?"

"परत कधी लावता?"

"भिंती सावरल्या की. तासाभराने, कधी जरा उशिरा. दुपारी परत. संध्याकाळी परत. शिवाय हल्ली आजारी म्हणून शेजारी येतात, तेही खेळवतात. लोबेकबाई, टिमरमानसाहेब... सगळ्यांना पद्धत मीच शिकवलेली आहे, त्यामुळे दिवा बंद करायला कोणी..."

वाक्य पुढे जाईना. माझेच शब्द माझ्या कानावर पडत होते आणि मला ते थांबवता येत नव्हते.

"ह्याला थंडी वाजते," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "दुसरं काही नाही. थंडीत ह्याला अन्न पचत नाही म्हणून तो खात नाही. अंगात ऊब नाही म्हणून हलत नाही. वारा लागू नये म्हणून कोपऱ्यात बसतो. हा आजारी नाही, बिचारा वाट बघतोय."

"कशाची?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणीतरी खिडकी लावण्याची."

मी खाली बघत होतो. डॉक्टरबाईंना माझी दया आली असावी. "होतं असं," म्हणत त्या उठल्या, "सगळेच चांगल्या हेतूने करतात. बराच वेळ झाला बसून, जरा कोंदट वाटतंय नाही?" आणि त्यांनी खिडकीच्या मुठीला हात घातला.

मी टेबलावर झेप घेऊन डब्यावर पालथा पडलो.

"सवय हो," डॉक्टरबाई लाल होत म्हणाल्या.

परत येताना सासूबाईंनी बटणं गळ्यापर्यंत लावली. डबा कोटाच्या आत, दोन्ही हात त्यावर. घरी पोचल्याबरोबर मी जाहीर केलं की मागच्या खोलीची खिडकी ह्यापुढे उघडली जाणार नाही. आल्मुटच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"तू? हे तू म्हणतोस? बुरशी धरेल, फोल्कमार! काळी बुरशी! पत्रकावर तुझं नाव छापलंय!"

"माहीत आहे."

टिमरमानसाहेबांना ही बातमी जिन्यातून कळली आणि ते खात्री करायला दारात आले. "मी ऐकलं ते खरं का?" म्हणाले. मी म्हटलं, खरं आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आयुष्यात मी कोर्टात कधी गेलो नाही, पण शिक्षा झाल्यावर कसं वाटत असेल ते समजलं. तरी मी दार लावून घेतलं. पेटी खिडकीपासून काढून आतल्या भिंतीला लावली, हीटर वाढवला, दिवा लावला आणि आम्ही तिघं पेटीसमोर बसलो.

खोली हळूहळू तापली. काच कोमट झाली. तळघरातून पकडून आणलेला एक रातकिडा मी आत सोडला. तो वाळूवर बसून मिश्या हलवू लागला. संचालकसाहेब खापराखालून डोकं काढून बघत होते. बघत होते, बघत होते, आणि काही करत नव्हते. आल्मुटने माझी बाही पकडली. सासूबाईंच्या ओठांची हालचाल होत होती पण आवाज येत नव्हता. मी मनात म्हणत होतो, खा रे बाबा, एवढा एक खा, मी आयुष्यभर पत्रकं वाटणार नाही. संचालकसाहेबांनी एक पाय पुढे टाकला. थांबले. शेपटीचं टोक थरथरलं. आणि एका झडपेत रातकिडा नाहीसा झाला. बाहेर राहिलेला एक पाय त्यांनी निवांतपणे आत ओढला आणि जिभेने डोळा पुसला.

मी ओरडलो. आल्मुट रडायला लागली. सासूबाईंनी टाळी वाजवली, आणि मग त्यांनी खांद्यावरची शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली.

शरदापासून त्या शालीशिवाय आम्ही त्यांना पाहिलं नव्हतं. किती वाळल्या होत्या त्या.

"आई," आल्मुट म्हणाली, "शाल का काढलीस?"

"गरम होतंय."

मी शालीकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग त्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे. डॉक्टरबाईंचं एकेक वाक्य मला पुन्हा ऐकू यायला लागलं. आणि मला इतकी लाज वाटली की ट्राममधली लाज तिच्यापुढे काहीच नव्हती.

"आई," मी म्हटलं, "तुम्हाला थंडी वाजत होती?"

"ह्याला वाजते हे तुला डॉक्टरने सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "माझं कोण सांगणार होतं?"

"पण तू बोलली का नाहीस?" आल्मुटचा आवाज फुटला. "रोज तीनदा आम्ही... अगं, नुसतं म्हणायचं होतंस!"

"कोणत्या तोंडाने म्हणू?" सासूबाई पेटीकडे बघत म्हणाल्या. "तुला लहानपणी ताप असायचा तरी मी खिडकी उघडायचे. तू पांघरुणात रडायचीस, आई, थंडी वाजते गं. मी म्हणायचे, मोकळ्या हवेने कोणी मरत नाही. आता म्हातारपणी मलाच सोसेना. मग वाटलं, ह्यापेक्षा परक्यांत जाऊन कुडकुडावं. तिथे निदान मी कोणाला शिकवलेलं तरी नाही."

आल्मुट उठली आणि आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. तिने काही कपाट वगैरे पुसलं नाही. मग डोळे पुसून म्हणाली, "सूप गरम करून आणू?"

"आण. आणि बटाटे जास्त घाल. तुझ्या सुपात बटाटा शोधावा लागतो."

तेवढ्यात फोन वाजला. शुक्रवार होता. आश्रमाच्या व्यवस्थापिका बाई खणखणीत आवाजात बोलत होत्या, इतक्या की पलीकडचा शब्द न् शब्द आम्हाला ऐकू येत होता. खोली तयार आहे, रंग नवा आहे, काय ठरलं बाईंचं?

"ठरवते," सासूबाई म्हणाल्या. "आधी एक सांगा. तुमच्याकडे खोल्यांमध्ये हवा किती वेळा खेळवता?"

"बाई, त्याची काळजीच नको!" पलीकडच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. "सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि प्रत्येक जेवणानंतर! सगळ्या खिडक्या सताड! शहराच्या कक्षाचं पत्रक आम्ही प्रत्येक दारावर लावलंय!"

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "फार छान," त्या म्हणाल्या. "मग मी आहे इथेच बरी."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. फोन आत आणून दिल्यापासून मी दारातच उभा होतो आणि माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे.

"असा काय बघतोस बावळटासारखा?" सासूबाई कडाडल्या. "आणि तपकिरी सुटावर ही टाय कुठला शहाणा लावतो? आत ये नाहीतर बाहेर जा, पण ते दार लाव. वारा येतोय."